मागचा पांढरा दिवा

आज मी तुमच्याशी गाडीच्या एका छोट्या दिव्याबद्दल बोलणार आहे. गाडी मागं घेताना मागच्या बाजूला जो पांढरा दिवा लागतो ना, तो. रिव्हर्स लाइट. तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आम्ही कुठं गाडी चालवतो? पण गाडी तुमच्या अंगणात येते, आखाड्यावर येते, तुमची पोती भरते. तुमची लेकरं तिच्या मागं खेळतात. म्हणून ही माहिती चालवणारीला जेवढी लागते, तेवढीच अंगणात उभ्या असलेल्या बाईलाही लागते.

आधी माझी चूक सांगते. गेल्या हळदीच्या हंगामातली गोष्ट. मार्च महिना होता, दिवस मावळत आलेला. आमच्या आखाड्यावर शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि एका कडेला पोती भरून ठेवली होती. आमच्या बचत गटाची एक जुनी व्हॅन आहे, गिअरची. पापड, मसाला, हळद पावडर घेऊन बाजाराला जाता यावं म्हणून सेकंडहँड घेतलेली. ती मीच चालवते. पोत्यांजवळ गाडी लावायची म्हणून मी रिव्हर्स टाकला. मागचा दिवा लागत नव्हता. मला ते माहीत होतं. पंधरा दिवसांपासून माहीत होतं. पुढचे दिवे लागतात, ब्रेकचा लागतो, इंडिकेटर लागतो, मग एवढ्याशा दिव्यावाचून काय अडतंय, असं म्हणत मी ते काम ढकलत आले होते.

आरशात नुसता अंधार आणि धूळ. गाडी दोन हात मागं गेली असेल नसेल, तेवढ्यात सासूबाईंनी पत्र्यावर जोरात हात मारला. मी ब्रेक दाबला. उतरून बघते तर माझ्या जावेचं तीन वर्षांचं लेकरू मागच्या चाकापासून हातभर अंतरावर बसलेलं, हळकुंडं एकावर एक रचत. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. जाऊ एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

हा दिवा दोन कामं करतो. एक, चालवणारीला अंधारात मागचं दिसतं. दुसरं काम त्याहून मोठं आहे. मागं जो कुणी आहे त्याला कळतं, की ही गाडी आता आपल्याकडं येणार आहे. लाल दिवा लागला तर गाडी थांबतेय, पांढरा लागला तर मागं येतेय. इंजिन चालू असलेली गाडी पुढं जाणार की मागं येणार, हे नुसत्या आवाजावरून कुणाला सांगता येत नाही. ज्या आजीला ऐकू कमी येतं, तिला तर हा दिवाच सांगतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हे जास्त जपायला पाहिजे. वसमत असो, कळमनुरी असो, सेनगाव असो, हळदीच्या दिवसांत अंगणं, खळी, रस्त्याच्या कडा सगळीकडं वाळवण पडलेलं असतं. बाया खाली बसून हळद निवडत असतात. पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर, कार असं काही ना काही दिवसभर मागं-पुढं होत असतं. माल भरायला गाडी बहुतेक वेळा उलटीच लावावी लागते. हिंगोलीच्या हळद मार्केटला पहाटे पोचायचं म्हणून भरणी रात्री होते, आणि आखाड्यावर कुठला आला रस्त्याचा दिवा?

आता हा दिवा बंद पडला तर काय करायचं, ते बघू.

मी काय केलं ते सांगते. दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजला नेली. तिथं त्यांनी गाडीखाली न बघता, दिव्याचं झाकण न उघडता सांगितलं, "गिअरबॉक्सचं स्विच गेलंय. स्विच आणि मजुरी धरून १,८०० रुपये होतील." गटाच्या पैशाचा हिशेब मला बैठकीत द्यावा लागतो. मी म्हटलं, उद्या सांगते. घरी आले तर माझी भाची आलेली होती. ती आयटीआयला मोटर मेकॅनिकचं शिकते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, करंट कुठपर्यंत येतोय ते बघितलं का कुणी? ते बघितल्याशिवाय कोणता पार्ट गेला, हे कसं सांगणार?"

मग तिनं मला जे शिकवलं, तेच मी आज तुम्हाला सांगतेय.

आधी करंटची वाट समजून घ्या. बॅटरीतून करंट निघतो, चावीतून जातो, मग फ्यूजमधून, मग गिअरबॉक्सवर बसवलेल्या एका छोट्या स्विचमधून, तिथून लांब वायरीनं मागच्या दिव्यापर्यंत. बल्बमधून बाहेर पडला की गाडीच्या पत्र्यावाटे परत बॅटरीला. या परतीच्या वाटेला मेकॅनिक लोक अर्थ म्हणतात.

गिअरबॉक्सवरचं स्विच दाराच्या बेलच्या बटणासारखं असतं. त्याला एक बारीक पिन असते. तुम्ही रिव्हर्स गिअर टाकला की आतला दांडा सरकतो, पिन दाबली जाते, आतले दोन पत्रे जुळतात आणि दिवा लागतो. गिअर काढला की पिन बाहेर येते, दिवा विझतो. एवढंच आहे. ऑटोमॅटिक गाडीत रचना वेगळी असते, आज आपण क्लच-गिअरच्या गाडीचंच बोलतोय.

आता ठिबकची नळी आठवा. एकाच झाडाला पाणी येत नसेल तर तुम्ही मोटर उघडत बसत नाही. तेवढा ड्रिपर बघता. सगळ्या ओळीला पाणी नसेल तर मात्र व्हॉल्व्ह बघता, फिल्टर बघता. दिव्याचंही तसंच. पहिला प्रश्न हाच: एका बाजूचा दिवा बंद आहे, की दोन्ही बाजूंचे?

हे बघायच्या आधी सुरक्षिततेचं ऐका, आणि हे कुणी गाळू नका. गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा. चाकांच्या पुढं आणि मागं दगड लावा. लेकरांना तिथून लांब पाठवा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा, म्हणजे समोरच्या मीटरवर दिवे येतील तेवढीच. मग क्लच दाबून रिव्हर्स गिअर टाका. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही मागचा पांढरा दिवा लागतो. तपासणी झाली की आठवणीनं गिअर न्यूट्रलला आणा. गिअरमध्ये असताना कुणी चावी पूर्ण फिरवली तर गाडी उडी मारते. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. दिव्याचं काम असो की कशाचं.

एकटी असाल तरी तपासणी करता येते. संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडं करून लावा, वर सांगितलं तसं रिव्हर्स टाका आणि आरशात बघा. भिंतीवर पांढरा उजेड किती ठिकाणी पडतो ते दिसतं. नाहीतर मागं स्टुलावर मोबाइल ठेवून व्हिडिओ चालू करा, नंतर बघा. एक लक्षात घ्या, काही गाड्यांना कंपनीकडूनच एकाच बाजूला पांढरा दिवा असतो, दुसऱ्या बाजूला धुक्याचा लाल दिवा असतो. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं.

समजा, एकच दिवा बंद आहे. म्हणजे फ्यूज, स्विच आणि पुढून येणारी मोठी वायर बहुधा ठीक आहे, कारण दुसरा दिवा त्याच वाटेवर लागतोय. बिघाड त्या एका दिव्यापाशीच शोधायचा. चावी बंद करा, दिव्याचं झाकण किंवा मागचा होल्डर काढा. साध्या बल्बला दोन्ही बाजूंना बारीक खुंट्या असतात. बल्ब आत दाबून डावीकडं फिरवला की निघतो. आतली तार तुटलीय का, काच काळी पडलीय का, ते उजेडात धरून बघा. शंका वाटली तर चालू बाजूचा बल्ब बंद बाजूला लावून बघा. तो लागला तर बल्बच गेलेला होता. नवीन घेताना जुना सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत हा १२ व्होल्ट, २१ वॅटचा, एकाच तारेचा बल्ब असतो. ब्रेकच्या दिव्यात पुष्कळदा दोन तारांचा बल्ब असतो, त्याच्या बुडाला दोन टिकल्या असतात. तो इथं चालत नाही. आणि जास्त उजेड पडेल म्हणून जास्त वॅटचा बल्ब घालू नका. होल्डर आणि झाकण वितळतं.

बल्ब चांगला आहे आणि तरी लागत नाही, तर होल्डर बघा. पावसाळ्यात झाकणाच्या चिरेतून पाणी जातं. पितळेच्या भांड्यावर जसा हिरवा थर चढतो, तसाच होल्डरच्या पत्र्यावर चढतो आणि करंट अडतो. चावी बंद असताना पॉलिश पेपरनं घासून तो साफ करा, ढिली पत्ती थोडी वर उचला. झाकणाचं रबर फाटलं असेल तर तेही बदला, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

यातली तिसरी गोष्ट म्हणजे अर्थ. त्याची एक ओळखखूण सांगते. रिव्हर्स टाकल्यावर पांढरा दिवा मंद लागतो आणि त्याच बाजूचा लाल दिवाही मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतो. असं दिसलं तर समजा, परतीची वाट अडलीय आणि करंट भलत्याच बल्बमधून घरी चाललाय. दिव्याच्या घरातून एक वायर, बऱ्याचदा काळी, पत्र्याला स्क्रूनं आवळलेली असते. तो स्क्रू गंजलेला किंवा ढिला असतो. तो काढून, पत्रा चकचकीत घासून पुन्हा घट्ट बसवला की काम होतं. यात एक रुपयाचाही पार्ट लागत नाही.

आता दुसरी बाजू. दोन्ही दिवे बंद आहेत. दोन्ही बल्ब एकाच दिवशी जाणं कमीच. पण एक सहा महिन्यांपूर्वी गेलेला असतो, कुणी बघितलेला नसतो, आणि आज दुसरा जातो. म्हणून बल्ब इथंही आधी बघायचेच. ते चांगले निघाले तर फ्यूज.

फ्यूजची पेटी बहुधा स्टिअरिंगच्या खाली असते, काही गाड्यांत बॉनेटखालीही असते. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा, ते छापलेलं असतं. चावी बंद करून पेटीतल्या प्लास्टिकच्या चिमट्यानं फ्यूज ओढून काढा. आतली पट्टी तुटलेली असेल तर फ्यूज उडालाय. नवीन घालताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. रंगावरूनही कळतं: लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०. काही लोक फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतात. बायांनो, हे कधीच करू देऊ नका. फ्यूज स्वतः जळून गाडीची वायरिंग वाचवतो. त्या जागी तुकडा घातला की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि गाडी पेटू शकते. नवा फ्यूज लगेच पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका. कुठंतरी वायर सोलून पत्र्याला लागतेय, ती आधी शोधायला पाहिजे. एक खूण आणखी. दिव्यासोबत मीटर किंवा दुसरं काही त्याच वेळी बंद पडलं असेल, तर आधी फ्यूजच बघा, कारण एका फ्यूजवर दोन-तीन कामं असतात.

गाडीला मागून कॅमेरा, रिव्हर्सचा भोंगा, म्युझिक असं काही बसवून घेतलं असेल तर तेही आठवा. दुकानवाले पुष्कळदा रिव्हर्सच्या दिव्याची वायर सोलून तिथूनच जोड काढतात आणि वर नुसती टेप गुंडाळतात. कॅमेरा बसवल्यापासून दिवा गेला असेल तर आधी तो जोड उघडून बघा.

आमच्या गाडीत बल्ब चांगले निघाले, फ्यूजही चांगला निघाला. मग भाचीनं बॉनेट उघडलं. गिअरबॉक्सवरच्या स्विचला दोन वायरींचा एक सॉकेट लावलेला असतो. तो तिनं काढला. चावी ऑन करायला सांगितली, इंजिन बंदच. मग वायरीच्या एका छोट्या तुकड्यानं सॉकेटची दोन्ही भोकं जोडली. म्हणजे स्विच जे काम करतं, ते हातानं केलं. मला म्हणाली, "मावशी, आता दिवा लागला तर स्विच खराब. नाही लागला तर स्विचचा दोष म्हणता येणार नाही, बिघाड वायरीत आहे." मी मागं जाऊन बघितलं. दिवा लागला नाही.

ऐकलंत? १,८०० रुपयांचं स्विच बदलून झालं असतं, आणि दिवा बंदच राहिला असता.

ही परीक्षा जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीवरच करायची, आणि जिला माहिती आहे तिच्या देखत. नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार कॉम्प्युटरकडं असतो, तिथं असे तुकडे जोडू नका. आणि तो तुकडा तपासणीपुरताच. दिवा लागला म्हणून तो तसाच ठेवून दिला तर पुढं जाताना, थांबताना, सगळीकडं पांढरा दिवा जळत राहील, आणि मागच्या माणसाचा घोटाळा होईल.

स्विच खरंच खराब असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. गिअरचा दांडा हातानं जोरात रेटून धरला तरच दिवा लागतो, सोडला की जातो. अशा वेळी स्विचची पिन झिजलेली असते, नाहीतर गिअरची केबल किंवा दांडा ढिला झालेला असतो. ढिलं आवळायला सांगून बघा, मगच नवीन स्विच. गिअर काढला तरी दिवा विझत नाही, तेव्हा बहुधा स्विच आत चिकटलेलं असतं. स्विच काढताना काही गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल बाहेर येतं. त्याखाली एक वॉशर असतो, तो नीट बसला नाही तर तेल गळत राहतं आणि पुढं गिअरबॉक्सचंच नुकसान होतं. म्हणून हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. झाल्यावर दोन दिवसांनी त्या जागेखाली तेलाचा डाग दिसतो का, तेवढं मात्र स्वतः बघा.

आमचा बिघाड कुठं सापडला, सांगू? मागच्या दाराच्या बिजागरीपाशी. आमच्या गाडीचे हे दिवे मागच्या दारातच आहेत. दारात जाणाऱ्या सगळ्या वायरी एका रबराच्या नळीतून जातात. पोती, पापडाचे खोके काढायला-घालायला ते दार आम्ही दिवसातून दहा वेळा उघडतो. दर वेळी वायर वाकते, सरळ होते, वाकते. शेवटी वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. बाहेरून काहीच दिसत नाही. भाचीनं रिव्हर्स टाकून ठेवला आणि मला दार हळूहळू वर-खाली करायला लावलं. एका जागी दिवा क्षणभर लुकलुकला. बस, तिथंच. नंबर प्लेटचा दिवा त्याच दारात नीट लागत होता, त्याची परतीची वायर तीच होती, म्हणजे अर्थ ठीक आणि नेमकी रिव्हर्सचीच वायर तुटलेली.

बॅटरीची काळी वायर काढून ठेवली. तुटलेल्या जागी थोडी लांब वायर घालून, डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर चांगली टेप गुंडाळली. थोडी लांब अशासाठी की पुन्हा ताण बसू नये. सामानाला ६० रुपये लागले. रिव्हर्स टाकला आणि आखाड्याच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला.

ज्यांच्या गाडीत हे दिवे दारात नसून बाजूच्या पत्र्यात आहेत, त्यांना बिजागरीचा त्रास नसतो. पण उंदरांचा सगळ्यांनाच असतो. सोयाबीन, हरभरा, हळदीची पोती जिथं, तिथं उंदीर. गाडी पोत्यांजवळ उभी असेल तर ते बॉनेटखाली, सीटखाली शिरून वायरी कुरतडतात. डिकीत सांडलेले दाणे रोज झाडून काढा, आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून आतल्या वायरींवर नजर टाका.

आता मेकॅनिककडं गेल्यावर काय बोलायचं? सगळेच फसवतात असं मी म्हणत नाही. चांगले मेकॅनिक आहेत, आणि त्यांच्यावाचून आपलं चालत नाही. पण आपण नुसतं "दिवा लागत नाही" म्हटलं की समोरचाही अंदाजानं बोलतो. आपण असं सांगावं: "दोन्ही दिवे बंद आहेत. बल्ब आणि फ्यूज बघितलेत, चांगले आहेत. दार हलवलं की लुकलुकतो." मग तो नेमका तिथंच बघतो, त्याचाही वेळ वाचतो. पार्ट बदलायचं म्हणाला तर विचारा, "भाऊ, हाच खराब आहे हे कशावरून कळलं? मला दाखवा." जुना पार्ट मागून घ्या. पैसे द्यायच्या आधी रिव्हर्स टाकून दिवा बघा. आणि गटाची गाडी असेल तर पावती घ्याच, बैठकीत दाखवायला लागते. मालवाहू गाडी असेल तर फिटनेसच्या तपासणीत दिवेही बघतात, म्हणून हे काम तसंही टळत नाही.

मैत्रिणींनो, दिवा दुरुस्त झाला, पण माझं मन तेवढ्यावर बसलं नाही. कारण दिवा चालू असता तरी खाली बसलेलं लेकरू मला आरशात दिसलं असतंच असं नाही. गाडीच्या मागं अगदी जवळचा काही भाग कुठल्याच आरशात येत नाही, आणि लहान लेकरू नेमकं तिथंच बसतं. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या बनणाऱ्या कारना मागं सेन्सर बसवणं सक्तीचं झालं, ते याच कारणानं. आपल्या गावातल्या जुन्या गाड्यांना तो नाही. ज्यांना आहे, त्यांनीही त्याच्या आवाजावर डोळे झाकून भरवसा ठेवू नये.

मागं बघायची काळजी काही आजची नाही. इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाची एक बाई गाड्यांच्या शर्यतीत उतरायची. १९०९ साली तिनं बायांसाठी गाडी चालवण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात तिनं सांगितलं, की हातातला छोटा आरसा गाडीत सोबत ठेवा आणि मधूनमधून तो वर धरून मागचं बघा. तेव्हा गाडीला मागचं दाखवणारा आरसा नसायचा. आज आरसा आहे, दिवा आहे, सेन्सर आहे. तरी उतरून बघण्याची जागा यातलं काहीच घेत नाही.

आमच्या आखाड्यावर आता एक रीत ठरलीय. गाडी मागं घ्यायच्या आधी चालवणारीनं गाडीला एक पूर्ण चक्कर मारायची. एका बाईनं बाजूला उभं राहायचं, मागं नाही. चालवणारीला आरशात ती सतत दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की गाडी लगेच थांबवायची. खुणा दोनच: हात हलला तर ये, हात वर गेला तर थांब. दहा जणांनी ओरडायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लेकरं मोजायची. आखाड्यावर पाच लेकरं असतील तर पाचही डोळ्यांना दिसली पाहिजेत. चार दिसली तर गाडी जागची हलणार नाही, मग मार्केटला उशीर झाला तरी चालेल.

दिवा बंद असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत अंधारात गाडी मागं घ्यायचीच नाही. अगदीच अडलं तर टॉर्च घेऊन बाजूला माणूस उभा करायचा, आणि आधी भोंगा वाजवून थोडं थांबायचं.

या आठवड्यात तुमच्या गटाच्या बैठकीला ज्या गाड्या येतील, त्यांचे मागचे दिवे बघा. दहा मिनिटांचं काम आहे. एकीनं आत बसायचं, एकीनं मागून बघायचं. तुमच्याकडं माल भरायला भाड्याची पिकअप आली तर तिच्या चालकालाही म्हणा, "दादा, रिव्हर्सचा दिवा लागतो का, दाखवा." तो हसला तर हसू द्या. अंगण तुमचं आहे, लेकरं तुमची आहेत.

माझ्या जावेचं ते लेकरू आता चार वर्षांचं होईल. मी रिव्हर्स टाकला की ते लांब ओट्यावर उभं राहून ओरडतं, "काकू, दिवा लागला!" मला ते ऐकल्याशिवाय गाडी मागं घेववत नाही. ओरडलं तरी मी उतरते, मागं जाऊन बघते, आणि मगच पुन्हा गाडीत बसते.